नुसतं हो

४ मार्च

धाकट्या,

अनेक आशीर्वाद. घ्यायचे की परत पाठवायचे, ते तू ठरव.

काल संध्याकाळी फोनवर मी तुला दोनदा 'हो' म्हटलं. कशाला म्हटलं ते मला कळलेलं नाही. म्हणून हे पत्र लिहावं लागतंय.

बाहेर रस्ता खणण्याचं काम चालू होतं. खिडकी लावली तरी आवाज आत येतो. तुझा आवाज मी ओळखला, इतक्या वर्षांनी ओळखला, आणि त्यातच पुढचे शब्द हुकले. तुझ्या लेकीचं नाव, 'बिट्टी', ऐकू आलं, 'वर्ग' ऐकू आलं, मधलं सगळं वाहून गेलं. शेवटी तू म्हणालास, "बरं. कळलं." ते मात्र स्वच्छ ऐकू आलं. तुझं 'बरं, कळलं' मी लहानपणापासून ओळखते. आईने तुझी सायकल शेजारच्यांना देऊन टाकली तेव्हाही तू एवढंच म्हणालास आणि मग जेवायला उठला नाहीस.

तेव्हा मी कशाला होकार दिला ते लिहून कळव. मेसेज केला असता, पण माझा नंबर तू ब्लॉक करून ठेवला आहेस. काल ज्या नंबरावरून बोललास तो उलटा लावून पाहिला. कोणी एक बाई काहीतरी म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

माझं म्हणशील तर बरं चाललंय. निवृत्त झाले तरी ट्रेनिंग स्कूल मला सोडत नाही, किंवा मी त्याला सोडत नाही. आठवड्यातून दोन दिवस रुळांची देखभाल आणि सुरक्षितता शिकवते. खोली तीच आहे, जिन्याखालची. टेबलावर रुळाचा दोन बोटं जाडीचा काप ठेवलेला असतो, कागद उडू नयेत म्हणून. नवीन मुलं तो एका हाताने सहज उचलायला जातात आणि लगेच दुसरा हात लावतात. रूळ म्हणजे काय, हे समजावायला मला पहिल्या दिवशी एवढंच पुरतं. गुडघे कुरकुरतात. डॉक्टर म्हणाले, सांधे झिजलेत. मी म्हटलं, सांधा झिजणारच, म्हणून तर आम्ही रूळ वितळवून जोडले आणि सांधेच काढून टाकले. त्यांना विनोद कळला नाही. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

तू आत्ता हसत असशील, आणि विनोदाला नव्हे. मी आयुष्यभर काय शिकवलं ते तुला ठाऊक आहे. लाइनवर 'हो' हे उत्तर नाही. समोरच्याने जे सांगितलं ते त्यालाच उलट म्हणून दाखवायचं, शब्द न् शब्द, आणि त्याने 'बरोबर' म्हटलं की मगच हात हलवायचा. मुलांकडून मी हे इतकं घोकून घेते की ती कँटीनमध्येही चहा सांगितल्यावर म्हणतात, "आता उलट म्हणून दाखवा." कँटीनवाल्याने माझ्याकडे तक्रार केली. मी त्याला म्हटलं, तक्रार उलट म्हणून दाखवू का. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही, पण चहा बरोबर देतो.

आणि त्याच बाईने काल नुसतं हो म्हटलं. तेही दोनदा, आणि तुला.

काय कबूल केलं ते कळव. शक्य असेल तर पाळीन.

तुझी,
ताई

•

१५ मार्च

धाकट्या,

पत्र मिळालं. अर्धंच पान, पण अक्षर अजून सुबक आहे. आधी तुझंच लिहिणं तुला उलट लिहून दाखवते. चुकलं तर दुरुस्त कर.

तू विचारलंस: माझं प्रकरण अजून वर्गात शिकवतेस का? मी म्हटलं, हो. मग तू सांगितलंस: बिट्टीला तुमच्या स्कूलमध्ये प्रवेश मिळालाय, एप्रिलपासून ती तुझ्याच वर्गात बसेल, तेव्हाही शिकवणार का? मी म्हटलं, हो. त्यावर तू 'बरं, कळलं' म्हणून फोन ठेवलास. पुढे लिहितोस: 'बिट्टीला मी सांगितलंय की डोळ्यांमुळे नोकरी सुटली. तो धडा यंदा तेवढा गाळ. तुझ्या वर्गातून ती घरी आली तर माझ्याकडे कशी बघेल, त्याचा विचार मला सहन होत नाही.'

बरोबर?

उत्तर: मला नीट ऐकू आलं असतं तरी दोन्ही वेळा हेच उत्तर दिलं असतं. जरा वेगळ्या आवाजात दिलं असतं, एवढाच फरक.

कारण सांगते. तू ते इंजिनातून पाहिलंस, मी खालून पाहिलं, आणि आपण दोघांनी ते एकमेकांना कधी सांगितलंच नाही. रूळ उन्हात लांब होतो. लांब व्हायला जागा नसली की तो आत ताण धरून बसतो. बाहेरून काही दिसत नाही. त्याला जागेवर धरून ठेवते ती खडी. त्या दुपारी त्या तुकड्यावरची खडी माझ्याच हाताखालच्या कामगारांच्या गँगने सैल केली होती, रूळ सरळ करायला. ती पुन्हा दबून घट्ट होईपर्यंत गाडी हळू जायला हवी होती. ताशी वीसच्या वर नको, असं मीच स्टेशनमास्तरांना सांगितलं. त्यांनी मला ते उलट म्हणून दाखवलं. मग त्यांनी सिग्नलच्या खांबावरच्या फोनवर तुला सांगितलं. तू 'हो' म्हणालास. गाडी तिसाने आली.

मी बाजूच्या पायवाटेवर उभी होते. चाकांच्या पुढे रूळ आडवा सरकला. सापासारखा, असं सगळे म्हणतात. मला तसं दिसलं नाही. झोपेत माणूस कूस बदलतो तसं दिसलं. मालगाडी होती म्हणून प्रवासी नव्हते, इंजिन आणि डबे आडवे झाले. तुझ्या असिस्टंटचा उजवा हात गेला. मुलगा चित्रं काढायचा, हे मला नंतर त्याच्या आईकडून कळलं.

चौकशीत मला विचारलं, हा ड्रायव्हर निरोप उलट म्हणून दाखवतो का? मी म्हटलं, मी त्याच्या इंजिनात बसत नाही. मग अध्यक्ष म्हणाले, "तुमचा भाऊ आहे ना, बाई. स्वभाव तरी सांगा." मी म्हटलं, घरीही तो नुसतं हो म्हणतो.

हे वाक्य अहवालात जसंच्या तसं छापलं गेलं. तुला इंजिनावरून उतरवलं आणि शेडमध्ये कारकुनी दिली. ती तू वर्षभरही केली नाहीस.

वाक्य खरं होतं. आई 'दूध आणशील का' म्हणायची, तू हो म्हणायचास, आणि दूध मी आणायची. मला पुन्हा विचारलं तर मी पुन्हा तेच सांगेन. हे तुला आवडणार नाही, पण पत्र आवडावं म्हणून मी लिहीत नाही.

चौकशीनंतर जिन्यात तू मला थांबवलंस. म्हणालास, "ताई, मला तीसच ऐकू आलं. वीस नाही, तीस." मी म्हटलं, "तुला ऐकायचंच नव्हतं." त्यानंतर आपण बोललो नाही. हा भाग मी वर्गात सांगत नाही.

वर्गात नावही घेत नाही. 'एक ड्रायव्हर' म्हणते. पण तो अहवाल स्कूलच्या वाचनालयात आहे, त्यात तुझं आणि माझं नाव एकाच पानावर आहे, आणि दरवर्षी कोणीतरी हुशार कार्टं ते शोधून काढतं आणि माझ्याकडे बघून गप्प बसतं. मी धडा गाळला तरी बिट्टीच्या हाती ते पान लागणारच. कोणत्या तरी मुलाने तिला जेवणाच्या सुट्टीत दाखवलं तर ते बरं, की तू सांगितलेलं बरं?

माझ्या हाताखालून गेलेली मुलं आज कुठेकुठे उन्हात उभी आहेत. त्यांच्यापैकी एकाने जरी फोनवर नुसतं हो म्हणायचं टाळलं असेल, तर ते तुझ्या धड्यामुळे. माझ्या सूत्रांमुळे नव्हे, सूत्रं परीक्षेनंतर विसरतात. भावाच्या लाजेपायी मी तो काढून टाकू शकत नाही. ती लाज माझीही आहे, तरी नाही.

तेव्हा तिला तू सांग. वर्ग सुरू व्हायच्या आधी. तुझ्या शब्दांत, तीस ऐकू आलं हेही सांग. मी मध्ये पडणार नाही.

तुझ्या बायकोला माझी आठवण सांग, तिला चालणार असेल तर.

ताई

ता. क. रस्ता कोणी खणत नव्हतं.

•

९ एप्रिल

धाकट्या,

तुझं उत्तर आलं नाही. बिट्टी आली.

वर्ग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी खोलीत खडू निवडत बसले होते. दारात एक मुलगी उभी. तुझंच नाक, त्यामुळे ओळख विचारायची गरज पडली नाही. बहुधा बराच वेळ उभी असावी.

"आत्या म्हणू की मॅडम?"

"वर्गात मॅडम."

"आणि इथे?"

"इथे दार लावता येतं."

तिने दार लावलं. समोरच्या खुर्चीत बसली, रुळाचा काप एका हाताने उचलायला गेली, मग दुसरा हात लावला. म्हणाली, "बाबांनी सगळं सांगितलंय. उलट म्हणून दाखवू?"

मी म्हटलं, दाखव.

तिने दाखवलं. ऊन, खडी, खांबावरचा फोन, वीस, तीस, असिस्टंटचा हात, माझं वाक्य, जिना. जिनासुद्धा. शेवटी म्हणाली, "आणि बाबा म्हणाले, आत्या घरातलं बाहेर बोलली, पण खोटं बोलली नाही. काही चुकलं का?"

मी म्हटलं, बरोबर.

तू हे सांगितलंस, आणि असं सांगितलंस. मी नोंद घेतली आहे. यापेक्षा जास्त इथे लिहिता येत नाही.

मी विचारलं, मग बाबांकडे आता कशी बघतेस? तिने तोंडावर हात धरला आणि काहीतरी म्हणाली. मी मान हलवली. तिने हात काढला.

"आत्या, तुला ऐकू येत नाही."

"येतं."

"मग मी आत्ता काय म्हटलं?"

"तोंडावर हात धरून बोलू नये एवढंही शिकवलं नाही का तुझ्या आईने?"

"मी म्हटलं, 'तुझ्या पदराला खडू लागलाय.' तू हो म्हणालीस."

"मी काही म्हटलेलं नाही. मान हलवली."

"मान हलवणं म्हणजे नुसतं हो की नाही?"

ही मुलगी माझ्या वर्गात पहिली येईल किंवा मला हृदयविकार देईल. माझ्या प्रश्नाचं उत्तर तिने अजून दिलेलं नाही. ते तू तिलाच विचार.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर तिने मला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. धरून नेलं म्हण. ज्या खोलीत तपासतात ती कपाटाएवढी असते, भिंतींना गादीसारखं काहीतरी लावलेलं. कानावर जाड पट्टा. काचेपलीकडे एक तरुण बाई, तोंडासमोर कागद धरून, म्हणजे ओठ दिसू नयेत. ती म्हणाली, "मी एकेक शब्द म्हणेन. तुम्ही तो परत म्हणून दाखवायचा."

मला वाटलं, हिला कोणी तरी माझ्याविषयी सांगून ठेवलंय. पण नाही, तिथली पद्धतच तशी आहे. कान तपासायचा दुसरा मार्ग नाही. ऐकू आलं का, असं विचारलं तर सगळे हो म्हणतात.

मी एकेक शब्द परत म्हणत गेले. मला वाटलं, छान चाललंय. घर, पाणी, दार. मग आकडे आले. ती म्हणाली तीस. मी म्हटलं तीस. तिने कागदावर फुली मारली. मी काचेवर टकटक केली आणि म्हटलं, पुन्हा म्हणा. ती पुन्हा म्हणाली, तीस. अगदी स्वच्छ. शपथेवर सांगितलं असतं. मी तीस म्हटलं, तिने दुसरी फुली मारली. शेवटी तिने कागद बाजूला केला आणि ओठ दाखवून म्हणाली, "वीस, मॅडम. दोन्ही वेळा वीसच म्हटलं."

सुरुवातीचा आवाज बारीक असतो, तो माझ्या कानात पोचतच नाही, तिने नंतर समजावलं. उरलेलं 'ईस' कानात येतं आणि सुरुवातीचं अक्षर डोकं स्वतःच लावतं. माझं डोकं 'त' लावतं. ते बदलता येत नाही. आणि वाईट वायरीवरचा फोनही हेच करतो, कान कितीही तरुण असला तरी.

मी त्या गादीच्या कपाटात 'वीस, तीस' पुन्हापुन्हा म्हणून पाहिलं. बाहेर पुढचा पेशंट खोळंबला होता. बिट्टीने आत येऊन पट्टा काढला.

तेव्हा अहवालात दुरुस्ती. निष्कर्ष बदलत नाही: तू निरोप उलट म्हणून दाखवला नाहीस, दाखवला असतास तर स्टेशनमास्तर 'चूक' म्हणाले असते, आणि त्या मुलाचा हात राहिला असता. चौकशीतलं माझं वाक्यही राहतं. पण जिन्यातलं वाक्य, 'तुला ऐकायचंच नव्हतं', हे पुराव्याला टिकत नाही. ते काढून टाकलं आहे. तुला तीस ऐकू आलं. तू ऐकत होतास.

काल तो धडा घेतला. बिट्टी तिसऱ्या बाकावर होती. नेहमीप्रमाणे विचारलं, चूक कोणाची? मागून एकजण म्हणाला, "ड्रायव्हरची, मॅडम." बिट्टीने हात वर केला. म्हणाली, "उलट म्हणून दाखवलं नाही, ही त्याची. पण वीस आणि तीस फोनवर सारखेच ऐकू येतात, ही कोणाची?" एवढी वर्षं आम्ही माणूस सुधारत बसलो, शब्दाकडे कोणी बघितलं नाही. मग मी फळ्यावर लिहिलं: वेग आकड्या-आकड्याने सांगावा. 'दोन, शून्य.' 'तीन, शून्य.' पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेत ते जावं, असं प्राचार्यांना लेखी दिलं आहे. कल्पना कोणाची, तिथे तिचं नाव लिहिलं आणि त्यापुढे वडिलांचं म्हणून तुझं, तिच्या प्रवेशाच्या कागदावर आहे तसंच.

त्यानंतर वर्गाला माझा फोन सांगितला. एका बाईने रस्ता खणत असल्याचं निमित्त करून आपल्या भावाला दोनदा हो म्हटलं, ते. पोरं हसली. हसू दिलं.

पुढचं थोडक्यात. रुळावर मुलांना नेताना पाठीमागून येणारी गाडी मला ऐकू येणार नाही. प्राचार्य म्हणाले, "यंत्र लावा, मॅडम, वर्गातच शिकवा." यंत्र लावीन. पण रुळावर न नेता रूळ शिकवणं मला जमत नाही, आणि ज्याला ऐकू येत नाही त्याला रुळावर नेऊ नये असा नियम मीच केलेला आहे. या महिनाअखेर थांबते.

तो धडा मात्र थांबू नये. तो आजवर खाली उभ्या असलेल्या माणसाने शिकवला. इंजिनातल्या माणसाने शिकवला नाही. प्राचार्यांशी बोलले आहे, तो शिकवायला तुला वर्षातून एक तास आहे, तुझी हरकत नसेल तर. हरकत असेल तर तसं सांग. मी एका बाकावर बसेन, पुढच्या, म्हणजे तुझे ओठ दिसतील.

हे पत्र बिट्टीबरोबर पाठवते आहे, आणि काही वस्तूही. रुळाचा काप कुठला ते तू कधी विचारलं नाहीस, कारण तू या खोलीत कधी आला नाहीस. तिथलाच आहे. डबे हटवल्यावर गँगने कापून दिला होता. मी तो तुझ्याविरुद्ध ठेवलेला नव्हता. ठेवला होता, एवढंच.

येणार आहेस का, ते कळव. येणार असलास तर कुठे, कधी आणि कशाला, ते तुझ्या शब्दांत लिही. नुसतं हो लिहिलंस तर मी ते उत्तर धरणार नाही.

वाट बघते आहे. हे मी पत्राच्या शेवटी लिहायचं म्हणून लिहिलेलं नाही.

तुझी,
ताई

बिट्टीच्या हाती, तुझ्यासाठी सुपूर्द:

रुळाचा काप, जुना, एका कडेला गंज. दोन्ही हातांनी घ्यावा.

धडा, तोंडी. बिट्टीने उलट म्हणून दाखवला, मी तिच्या ओठांकडे बघून तपासला. बरोबर.

रुळावरची माझी शिट्टी, दोरीसह. चालू स्थितीत. वाजवली मी, ऐकली बिट्टीने.